कोरा फिल्टर

निवृत्तीच्या अर्जात सतरावा रकाना :
आपल्या शोधनिबंधांना मिळालेले एकूण संदर्भ.
लिहिलं, चार हजार एकशे बारा.
खाली बारीक अक्षरात होतं :
स्वतःच स्वतःला दिलेले वगळून.

वगळले. तीनशे अठ्ठ्याऐंशी होते.
इतक्या वेळा मीच माझी साक्ष काढली होती.

सित्रा बेटावर, तेलाच्या टाक्यांकडे पाठ करून
आमची एक गच्ची आहे.
तिथे एक पंप सव्वीस वर्षं हवा ओढतोय.
दिवसाला एक पांढरी चकती
संध्याकाळपर्यंत चहाच्या फडक्याच्या रंगाची होते.
शमाल सुटला तर दुपारीच,
आणि मग तिच्यावर बहारीनचं काहीच नसतं,
सगळी इराकची माती.

रात्री वारा कारखान्याचा धूर समुद्रावर नेऊन ठेवतो.
तिथे तो मिठाशी काहीतरी बोलतो.
पहाटे वारा उलटतो, ऊन लागतं, मिठातला क्लोरीन सुटतो,
आणि आठच्या सुमारास ओझोनचा आलेख
दुधासारखा उतू जातो.
माझं आयुष्यभराचं म्हणणं एवढंच.
एकोणसत्तर शोधनिबंध.

त्यातलं निम्मं दाऊद परकार आधी म्हणाला होता.
दाभोळचा. साडेचारला शिडी चढायचा,
कठडा दवाने निसरडा, म्हणून अनवाणी.
नोंदवहीत तापमान, आर्द्रता, पंपाचा वेग,
आणि शेवटी, 'शेरा' असतो तिथे, एका मार्चमध्ये मराठीत :
"वारा फिरला की डोले चुरचुरतात. धुराने नाय. दर्याकडून येतंय कायतरी."

मी हसले होते.
शेरा म्हणजे मोजमाप नव्हे, दाऊदभाई.
"बरं, टिपणीस बाई," म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं.

तीन वर्षांनी ते मी सिद्ध केलं.
त्या एका निबंधाला बाराशे सहा संदर्भ.
शेवटी, आभारात, त्याचं नाव होतं.
छापणाऱ्यांच्या यंत्राने स्पेलिंग सुधारलं :
डेव्हिड पार्कर.
मी त्याला अंक दाखवला.
त्याने बराच वेळ बघितलं, मग विचारलं,
"हा कोण? नवीन घेतलाय?"

शुद्धिपत्र पाठवायचं ठरवलं होतं.
पण त्याच आठवड्यात अनुदानाची मुदत होती,
मग परिषद, मग मुलीची दहावी,
मग तो गेलाच परत, गावी टाइल्सचं दुकान टाकायला.

आता शीतपेटी रिकामी करायची आहे.
साडेनऊ हजार चकत्या, तारखेनिशी.
नव्या संचालकांना जागा हवीय
आणि माझ्या व्हिसाचे तीस दिवस उरलेत.
तळाशी कोरे सापडले.
कोरा म्हणजे : महिन्यातून एकदा नवा फिल्टर वर न्यायचा,
यंत्रात बसवायचा, पंप सुरू करायचा नाही,
तसाच काढून खाली आणायचा, वजन करायचं.
त्याच्यावर जे सापडेल ते हवेचं नसतं.
ते आपल्या हातांचं.
तेवढं प्रत्येक आकड्यातून वजा करायचं.

दाऊदचे कोरे कोरेच यायचे.
तो रजेवर असताना मी केलेले
प्रत्येक वेळी थोडे जड.

काल रात्री मासिकाचा फॉर्म उघडला.
चुकीचा मजकूर : डेव्हिड पार्कर.
बरोबर मजकूर : दाऊद इब्राहिम परकार.
हे टाइप करून परत खोडलं, कारण
त्याच्या वडिलांचं नाव मला माहीत नव्हतं;
सवयीने लिहून गेले होते, जे जग लिहितं ते.
दाभोळला फोन लावला. म्हणाला, हसन. का हो बाई?
मग सांगितलं. पलीकडे कुणीतरी फरशी कापत होतं.
"पंप चालू आहे ना अजून?" त्याने विचारलं.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न :
या दुरुस्तीने निष्कर्षात बदल होतो का? होय / नाही.
अशा ठिकाणी सगळे 'नाही' लिहितात.
मी 'होय' निवडलं.
लगेच खाली एक चौकट उघडली :
कसा, ते शंभर शब्दांत लिहा.

दोन वाजलेत. वारा अजून समुद्राकडे चाललाय.
बावीस शब्द झालेत.